ताईनं निवडलेली सिस्टिम

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या कंप्युटरवर अपडेट चालू होतं. सकाळचे नऊ वाजले होते, पडद्यावर ‘कृपया थांबा’ आणि चाळीस टक्क्यांवर अडकलेलं चक्र. कोलार रोडवरून भाऊजी बोलत होते, "बंडोपंत, शैला गेली... झोपेतच." मी चपला घालायला उठलो, आणि सांगायला लाज वाटते, पण मला हसू आलं. ताईनं तो पडदा पाहिला असता तर म्हणाली असती, "निघ आता, का मशीनची परवानगी आल्यावर येतोस?"

शैलाताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. वडील सरकारी कचेरी हलली तेव्हा तिच्याबरोबर नागपूरहून भोपाळला आले आणि आम्ही इथलेच झालो. ताईनं निवृत्तीपर्यंत एका सरकारी खात्यात कालव्यांचे नकाशे काढले. मी बँकेत होतो, आणि शेवटची काही वर्षं तिथले कंप्युटर सांभाळायचं काम माझ्याकडे होतं. त्यामुळे निवृत्तीनंतर ताईला कंप्युटरचा नाद लागला तेव्हा तिचा गुरू मीच होणार अशी माझी समजूत होती. तिनं मात्र शहरातल्या हौशी लोकांचं एक मंडळ शोधून काढलं. रविवारी दुपारी एका शाळेच्या वर्गात ही मंडळी आपापली जुनी यंत्रं घेऊन जमायची. तिथून ताई परतली ती लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स नावाची सिस्टिम घालूनच.

"फुकटातलं आहे ते," मी म्हणालो. "उद्या बिघडलं तर कोणाला धरशील? विंडोज घे. त्यामागे कंपनी आहे, जबाबदारी आहे."

"तू बँकेसाठी बोलून राहिलास," ताई म्हणाली. "मला बँक चालवायची नाही. मला आत काय आहे ते बघायचंय. तुझ्या कंपनीवाले बघू देतात का आत?"

हा वाद आमचा पुढं कित्येक वर्षं चालला. राखीला, दिवाळीला, कोणाच्या बारशालाही. भाऊजी बिचारे मध्ये बसून शेवेची वाटी इकडून तिकडे सरकवत. ताईच्या सिस्टिममध्ये सगळी बटणं मराठीत होती आणि कंप्युटर बंद करायच्या जागी लिहिलं होतं, ‘खाली बंद करा’. मी पोट धरून हसलो. ताई हसली नाही. तिनं ते भाषांतर करणाऱ्या स्वयंसेवकांना पत्र लिहिलं, की ‘शट डाऊन’मधल्या ‘डाऊन’ला धरून बसू नका, आम्ही नुसतं ‘बंद करा’ म्हणतो. चार महिन्यांनी नवी आवृत्ती आली, त्यात ‘बंद करा’ होतं. ताई पोहे-जलेबी घेऊन नेहरू नगरला माझ्या घरी आली. "तुझ्या कंपनीला लिहून बघ एकदा," एवढंच म्हणाली.

त्या लॅपटॉपवर ती एक यादी करत होती. आपल्या भोपाळच्या मराठीत हिंदीतून आलेले शब्द. चादर ‘बिछवणं’, डाळ ‘भिगवणं’, गुंता ‘सुलझवणं’. प्रत्येक शब्दापुढे अर्थ, कोण म्हणालं ते, आणि त्या माणसाचं वाक्य जसंच्या तसं. पुण्या-मुंबईचे पाहुणे ज्याला हसतात तीच आपली बोली, ती कुठंतरी लिहून ठेवायला हवी, असं तिचं म्हणणं.

ती यादी मी पुसली.

ताई-भाऊजी ग्वाल्हेरला लग्नाला गेले होते. झाडांना पाणी घालायला किल्ली माझ्याकडे. त्याआधी ताई दोन दिवस प्रिंटरशी झुंजत होती, म्हणून मला वाटलं, आपण गुपचूप विंडोज घालून ठेवू, आल्यावर खूश होईल. ते घालताना डिस्कच्या एका मोठ्या भागापुढे ‘अनोळखी’ असं दिसलं. तो रिकामाच आहे असं गृहीत धरून मी पुसून टाकला. बँकेत कोणी असं केलं असतं तर मीच त्याला फैलावर घेतलं असतं.

ताईनं परतल्यावर लॅपटॉप उघडला, बंद केला आणि स्वयंपाकघरात गेली. तिच्याकडे दुसरी प्रत नव्हती. मी दारात उभा. "ताई, काहीतरी बोल..." तिनं कणीक मळायला घेतली. तीन आठवडे माझा फोन घेतला नाही. मंडळातल्या जाणत्यांनी डिस्क तपासून पाहिली, हाती काही लागलं नाही; लिनक्स तेवढं त्यांनी पुन्हा घालून दिलं. साठी ओलांडलेला माणूस बहिणीच्या अबोल्यानं रडू शकतो, हे मला तेव्हा कळलं.

मग एका दुपारी ती स्वतःच आली, हातात कोरी वही. "चल. ज्यांच्याकडून शब्द मिळाले ते सगळे मला आठवतात. लिहिणार तू."

पुढचं अख्खं वर्ष आम्ही फिरलो. चार इमली वसाहतीत तिच्या साहेबांच्या पत्नीकडे, उज्जैनहून आलेल्या एका गणिताच्या मास्तरांकडे, बाजारात. ताई लोकांना बोलतं करायची, मी वहीत उतरवायचो, आणि संध्याकाळी लिनक्सवर टाइप करायचो. हो, लिनक्सवर. शिक्षाच होती ती, आणि मला हळूहळू आवडायला लागली. बहिणीशी इतकं मी लहानपणीही बोललो नव्हतो. जुने बरेचसे शब्द परत मिळाले, नवे त्याहून जास्त.

गेल्या वर्षी ताईचे हात थरथरायला लागले. एक दिवस म्हणाली, "बंड्या, तुझी विंडोज टाक. तिथं बोलून लिहायची सोय मला बरी वाटली, मंडळात करून पाहिली मी." इतक्या वर्षांनी मी जिंकलो होतो, आणि माझा चेहरा पडला. ती म्हणाली, "असं तोंड काय करतोस? काम महत्त्वाचं. आणि माझी काढायची नाही, दोन्ही ठेवायच्या." या वेळी तिनं पेनड्राइव्हवर यादीच्या तीन प्रती करून घेतल्या, एक स्वयंपाकघरातल्या डब्यात, एक भाऊजींकडे, एक माझ्या खिशात. मग माझ्याकडून मोठ्यानं वदवून घेतलं, "मी काहीही पुसणार नाही." भाऊजी हसून हसून ठसकले.

परवा मी कोलार रोडला गेलो तर भाऊजी ताईच्या खुर्चीत बसले होते. या माणसानं आयुष्यात कधी माउसला हात लावला नव्हता. "एक शब्द राहिलाय," ते म्हणाले. "चालू कर." सुरू होताना लॅपटॉपनं कोणती सिस्टिम हवी ते विचारलं. मी भाऊजींकडे पाहिलं. "तिचीच," ते म्हणाले.

यादी उघडून दिली. एका बोटानं, अक्षर शोधत शोधत, त्यांनी शब्द लिहिला, ‘निपटवणे’. अर्थ: संपवणे. "सगळ्या गावाचे शब्द टिपले तिनं," ते म्हणाले, "स्वतःचा राहिला. रोज म्हणायची, इथंच बसून." ‘कोण म्हणालं’च्या रकान्यात त्यांनी लिहिलं, ‘शैला’. मग वाक्याच्या रकान्यात बराच वेळ लावून, एक कानाही न चुकवता:

‘तुम्ही बसा जेवायला, मी एवढं निपटवून येते.’