विथच्या पुढं तुळजाबाई

माकणीच्या अंगणवाडीचा वजनकाटा एकदा बिघडला. महिन्याचा अहवाल तर द्यायचाच होता. सेविकाबाई म्हणाल्या, "गेल्या महिन्याच्या आकड्यात थोडं थोडं वाढवून लिहू. वाढलीच असतील की लेकरं." मदतनीस सिताबाईनं एकेक लेकरू काखेला मारलं, पिठाच्या गिरणीवर नेलं आणि ज्वारीच्या पोत्यांच्या काट्यावर बसवलं.

गिरणीवाला लिंबाजी म्हणाला, "दळून देऊ का नुसतं जोखू?"

"जोख नुसतं. दळायला यांच्या आया हायेत घरी."

सतरा लेकरं पिठानं पांढरी होऊन घरी गेली आणि वहीत सतरा खरी वजनं चढली. सिताबाई अशी होती. खोटं तिच्या हातून लिहिलंच जात नसे.

या स्वभावानं तिची दहावी अडवली होती. अंगणवाडीत सेविका व्हायचं तर बारावी लागते, बारावीला बसायचं तर दहावी. सिताबाईचं लग्न नववीतून झालेलं. बेचाळिसाव्या वर्षी तिनं बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला, बाकीचे विषय पहिल्या झटक्यात काढले आणि इंग्रजीत दोनदा बुडाली. दोन्ही वेळेला थोडक्यात. आता तिसरी आणि तिच्या मनानं शेवटची खेप. या खेपेला गेली तर पुस्तकं बांधून माळ्यावर टाकायची, हे तिनं स्वतःशी पक्कं केलं होतं.

शाळेतल्या चारुशीला मॅडम मूळच्या तुळजापूरच्या, माकणीत खोली करून राहायच्या. संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर त्या सिताबाईला शिकवत. दिलेला वाक्प्रचार आपल्या वाक्यात वापरा, हा प्रश्न दोन मार्कांचा, आणि दोन्ही वर्षी सिताबाईनं तो कोरा सोडलेला.

"कॉम्पीट विथ," मॅडम म्हणाल्या. "म्हणजे चढाओढ करणं. विथच्या पुढं माणूस येतो, ज्याच्याशी चढाओढ आहे तो. मग फॉर. फॉरच्या पुढं, ज्याच्यासाठी चढाओढ आहे ते. राम कॉम्पीट्स विथ श्याम फॉर द कप. लिहा."

सिताबाईनं पेन उचललं आणि परत ठेवलं.

"कोन राम, म्याडम?"

"कोणीही. उदाहरण आहे."

"मी न्हाय बघितलं त्यांना. कपबी न्हाय बघितला."

मॅडमनी कपाळाला हात लावला, पण त्या हसत होत्या. "सिताबाई, तपासणारा काही राम-श्यामच्या घरी चौकशीला जाणार नाही."

"त्यो जाईना. मला तर ठावं हाय ना."

"बरं, मग खरं लिहा. तुमची कुणाशी चढाओढ आहे?"

हे विचारायची गरजच नव्हती. माकणीत ते शाळेतल्या पोरांनाही माहीत होतं. सिताबाईची थोरली जाऊ तुळजाबाई. दोघींच्या अंगणांत कमरेएवढी भिंत. पहाटे हिचा झाडू वाजला की तिचा वाजायचा. हिच्या पत्र्यावर पापड दिसले की तिच्या पत्र्यावर दुप्पट. सिताबाईनं दम धरून लिहिलं, आय कॉम्पीट विथ तुळजाबाई फॉर. आणि तिथं थांबली. फॉरच्या पुढं काय?

झाडूसाठी? पापडांसाठी? तसं तर नव्हतं. ती वही मिटून घरी आली. तीन दिवस फॉरच्या पुढची जागा कोरीच होती.

चौथ्या दिवशी भिंतीपलीकडं तुळजाबाई हरभऱ्याचे घाटे सोलत बसली होती. सिताबाईनं भिंतीवर कोपर टेकलं.

"अक्का, एक ईचारू?"

"ईचार की. मी काय कलेक्टर हाय?"

"आपली चढाओढ कशापायी हाय?"

तुळजाबाईचा हात थांबला. "परीक्षेत हे ईचारत्यात?"

"तसंच समजा."

"मग काय सांगू. तुला ठावंच हाय. आत्याबाईच्या त्या एका शब्दापायी."

सिताबाईपुढं उभी राहिली एकोणीस वर्षांपूर्वीची ती वेळ अमावस्या, सगळ्यांनी रानात जेवायचा सण. रानातल्या कडब्याच्या कोपीपुढं दोघी जावांची आंबिलीची मातीची बिंदगी शेजारी शेजारी ठेवलेली. सासूनं, म्हणजे आत्याबाईनं, जन्मात कुणाच्या हाताला चांगलं म्हटलं नव्हतं. त्या दिवशी वाटी तोंडाला लावली, ओठ पुसले आणि म्हणाली, "आंबील झालीय बरं का झकास." कोणत्या बिंदग्यातली, ते सांगितलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात ती गेली. तेव्हापासून दोघी जावा तो शब्द आपापल्या दाव्याला बांधायला बघत होत्या.

तुळजाबाईनं एक घाटा उगाच चोळला. "तुझीच हुती ती आंबील."

"तुमाला कसं ठावं?"

"माझी पार आंबून गेलती, तोंडात धरवंना. तू बैलाला पानी दाखवाय गेलीस. म्या माझी बांधावर वतली अन् तुझ्यातली निम्मी माझ्या बिंदग्यात घेतली. दोन्हीत तुझीच. आत्याबाईनं कंची का पिईना."

तेरणेच्या धरणाकडून वारा येत होता आणि हरभऱ्याची टरफलं अंगणभर फिरत होती.

"एकोणीस वर्सांनी सांगता व्हय, अक्का?"

"तू भांडत हुतीस गं. ईचारलंस कवा?"

सिताबाईला राग यायला हवा होता. ती घरात गेली, चुलीपुढं बसली आणि रागाची वाट पाहिली. तो आला नाही. आलं ते एवढंच, की आत्याबाईचा तो शब्द आता निव्वळ तिचा होता आणि तो सांगायला भिंतीपलीकडच्या बाईशिवाय जगात कुणी उरलं नव्हतं. मग तिनं वही घेतली. आय कॉम्पीटेड विथ तुळजाबाई फॉर वन गुड वर्ड. तुळजाबाईशी मी एका चांगल्या शब्दासाठी चढाओढ केली.

मॅडमनी ते वाचलं, लाल पेनानं बरोबरची खूण केली आणि वही लगेच परत दिली नाही.

मार्चमध्ये लोहाऱ्याच्या केंद्रावर पेपर झाला. त्या प्रश्नात दोन वाक्प्रचार होते, कोणताही एक वापरायचा. पहिला लुक आफ्टर. सांभाळ करणं. अंगणवाडीच्या बाईला तो तर हातचा मळ. दुसरा कॉम्पीट विथ. सिताबाईनं दुसरा घेतला, कोरून काढावा तसा लिहिला आणि पाणी प्यायली.

उन्हाळा सरता सरता निकाल लागला. इंग्रजीत सदतीस. तुळजाबाईनं बातमी ऐकली आणि भिंतीला वळसा न घालता भिंतीवरूनच पाय टाकून आली.

"माझं नाव लिवलं हुतंस म्हनं पेपरात. दाव कसं ते."

"पेपर बोर्डाकडं हाय, अक्का."

"मग चल, माझ्या अंगनात दाव."

पलीकडच्या सडा घातलेल्या अंगणात सिताबाईनं रांगोळीची चिमूट घेऊन ते अख्खं वाक्य इंग्रजी अक्षरांत काढलं. तुळजाबाई कमरेवर हात ठेवून बघत होती.

"यात मी कुठं हाय?"

"ह्ये बगा. हितनं हितवर."

"एवढी लांब?"

"आठ अक्षरं."

"अन् तू?"

सिताबाईनं वाक्याच्या सुरुवातीच्या एका उभ्या रेघेवर बोट ठेवलं. "ही."

"ही काडी?"

"इंग्रजीत मी म्हंजे तेवढीच असती."

तुळजाबाईनं आपल्या आठ अक्षरांकडं पाहिलं, मग त्या काडीकडं. "शहानी भाषा हाय," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे दोन्ही अंगणांत झाडू वाजले. तुळजाबाईचा झाडू वाक्याला वळसा घालून गेला. उन्हं वर आल्यावर कोंबड्या त्यावरून फिरल्या आणि सुरुवातीची ती रेघ पुसली. सिताबाई अंगणवाडीला निघाली होती, तिनं भिंतीवरून पाहिलं. तुळजाबाईला लिहिता येत नव्हतं. पण ती उकिडवी बसली, डब्यातली चिमूट घेतली आणि गेलेल्या काडीच्या जागी सावकाश, सरळ, एक रेघ ओढली.