तळाचं वरण

माझ्या धाकट्या सासूबाई, प्रमोदिनीकाकू, यांच्यासारखी डूख धरणारी बाई उत्तरेतल्या आमच्या अख्ख्या रामघाटावर सापडायची नाही. ही तक्रार नव्हे. माझी मुलगी त्याच डुखावर पोसली आहे.

गोष्ट सुरू होते १९८४ साली. माझे सासरे दिनानाथशास्त्री तेव्हा घरातच वेदपाठशाळा चालवायचे. आठ बटू होते आणि त्यांना रोज दूध आणि भिजवलेले बदाम. पाठांतर करायचं तर डोकं तल्लख नको? काकू, म्हणजे त्यांची धाकटी भावजय, तेव्हा पोटुशी होत्या. बायकांची पंगत शेवटची, म्हणजे गार भात आणि पातेल्याच्या तळाशी राहिलेलं पाणचट वरण. एकदा त्यांनी कपभर दूध मागितलं, तर सासरे म्हणाले, "तुला काय संहिता पाठ करायची आहे?" सगळे हसले. काकूंचे यजमानही हसले. सातव्या महिन्यात डोहाळजेवण मात्र थाटात झालं, फुलांची वाडी भरली, पाच पक्वान्नं झाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तळाचं वरण.

मुलगा झाला, बिंदुमाधव. तो उशिरा बोलला, पाठांतरात मागेच राहिला. मुंजीत पाहुण्यांसमोर संध्या म्हणताना अडखळला, तेव्हा सासरे भर मांडवात म्हणाले, "याच्या डोक्यात काही राहत नाही. आईवर गेलाय." काकू पाहुण्यांची पानं वाढायला गेल्या. त्या विसरल्या असं सासऱ्यांना वाटलं, इथेच ते फसले.

२००८ साली मला दिवस गेले. सासूबाई वारल्या होत्या आणि स्वयंपाकघर काकूंच्या हातात होतं. माझ्या पोटात सासऱ्यांचं नातवंड. सूड उगवायला याहून सोपी जागा कुठली? खरं सांगते, मी धास्तावलेच होते.

काकू माझ्याबरोबर डॉक्टरीणबाईंकडे आल्या. बाईंनी कागदावर एक नाव लिहिलं, कोलीन. पोटातल्या बाळाचा मेंदू आणि त्याची स्मरणशक्ती घडायला ते लागतं. शरीर थोडंसं स्वतः बनवतं, पण या दिवसांत तेवढ्यानं भागत नाही. म्हातारपणीही मेंदूला ते हवंच. अंड्यात ते भरपूर असतं, शिवाय सोयाबीन, राजमा, शेंगदाणे, फ्लॉवर, दूध यांतही मिळतं.

काकूंनी विचारलं, "उस वक़्त मुझे दूध मिला होता, तो मेरा लड़का तेज़ होता?"

"ऐसे नहीं कह सकते, माताजी. और भी सौ बातें होती हैं."

काकूंनी मान हलवली. त्यांच्या मनात मात्र निकाल कधीच लागला होता.

घरी येताच त्यांनी कागद सासऱ्यांपुढे ठेवला. "भाऊजी, हिला रोज दोन अंडी लागणार."

"या घरात? शिव शिव!"

"मग बाकीचं सगळं भरपूर आणि ताजं हवं. म्हणजे नैवेद्य झाला की पहिली पंगत हिची. ही उठली की बाकीचे. बोला, अंडी की पंगत?"

"पंगत, पंगत!" सासरे स्वतःच्या तोंडानं म्हणाले. म्हातारपणीही मेंदूला कोलीन लागतं, हे डॉक्टरीणबाईंचं वाक्य काकूंनी सांगितलंच नाही. मीही नाही सांगितलं.

दुसऱ्या दिवसापासून पंचाहत्तरीचे दिनानाथशास्त्री सोवळं नेसून बाहेर ताटकळू लागले. आत मी राजम्याची उसळ खात असे आणि काकू मोठ्यानं म्हणत, "सावकाश चाव गं, जल्दी काय आहे?" मला लाज वाटायची. खोटं कशाला बोलू, मजाही वाटायची. सासऱ्यांचं सकाळचं बदामाचं दूधही माझ्याकडे वळलं. त्यांनी विचारलं तेव्हा काकू म्हणाल्या, "तुम्हाला काय आता संहिता पाठ करायची आहे?" त्या दिवशी सासऱ्यांच्या डोक्यात प्रकाश पडला असावा.

आठव्या महिन्यात एका दुपारी दोन वाजले तरी माझं जेवण चाललेलंच होतं. बिंदुमाधव रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून जेवायला आला होता. सासरे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. भुकेनं त्यांचा आवाज बसला होता.

"प्रमोदिनी, माझं चुकलं. मुंजीत बिंदूला मी तसं बोलायला नको होतं."

बिंदुमाधव गोंधळला. "कब की बात है, काका? मला तर काही आठवत नाही."

"ऐकलंत?" काकू म्हणाल्या. "तुम्ही म्हणालाच होतात, त्याच्या डोक्यात काही राहत नाही. माझ्या राहतं. बसा."

मी पानावरून उठले. सासरे बसले. काकूंनी पातेलं कलतं केलं आणि त्यांच्या भातावर तळाचं वरण वाढलं.