त्या बँडचा सगळ्यात वाईट अल्बम

सगळ्यात चांगला अल्बम कोणता यावरून आमची भांडणं व्हायची. सगळ्यात वाईट कोणता यावर मात्र आमचं एकमत होतं, आणि एकमताचा मला लहानपणापासून संशय आहे. आबा, माझे वडील, लूमवर म्हणजे यंत्रमागावर काम करत आणि राहिलेल्या वेळात कामगारांसाठी पत्रकं लिहीत. वाटून उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर मी बाराखडी गिरवली. पुढे छापलेली बाजूही वाचता यायला लागली, तेव्हा एक वाक्य सगळ्याच पत्रकांत सापडलं: यात फायदा कोणाचा? तो प्रश्न मी मग सगळ्यांना लावला. शाळेतल्या बाईंना, गल्लीतल्या मंडळाला, आणि शेवटी एका इंग्रजी बँडलाही.

बँडचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की वाचणारा लगेच बाजू घेतो, आणि मला ते भांडण पुन्हा करायचं नाही. एवढं पुरे की ते लोक आमच्या जन्माच्या आधीपासून वाजवत होते, मधे भांडून वेगळे झाले, परत एकत्र आले, आणि नव्वदच्या दशकातही नवा अल्बम काढत होते. आमच्यापर्यंत ते आले माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणीमुळे. ती गुजराती, राहायला शहरातल्या चांगल्या वस्तीत, अडाजणला, तिच्या वडिलांचे कडोदऱ्याला लूम. तिचा भाऊ परदेशातून अस्सल कॅसेटी पाठवायचा. माझं गुजराती ऐकून वर्गातल्या बाकीच्या मुली हसत. ती हसत नसे. मालकाची मुलगी हसत नाही म्हणजे त्यात काहीतरी असणार, असं मला वाटायचं. तरी बाकावर मी तिच्याच शेजारी बसायचे, कारण दुसरं कोणी मला जागा देत नव्हतं.

तिच्या कॅसेटी आमच्यासाठी भरून घ्यायचं काम दादाचं. दादा म्हणजे माझा मामेभाऊ, धुळ्याकडून आलेला लूम-कारीगर. रात्रपाळी करायचा आणि दिवसा डिंडोलीच्या कामगारवस्तीतल्या त्याच्या खोलीवर असायचा. खोलीची मागची भिंत एका लूमच्या खात्याला लागून होती. खातं म्हणजे पत्र्याची लांब शेड आणि आत ओळीने लूम. ते चालू असले की भिंतीला टेकून बसणाऱ्याचे दात हलत, बल्ब पिवळा पडे, आणि पंख्याची पाती वेगवेगळी दिसत. आम्हाला त्याचं काही वाटत नसे. बल्ब पिवळाच असतो, असं आमचं मत होतं.

खोलीत पिन लावायची जागा एकच. तिथे दादाचा जुना वजनदार डेक लागायचा आणि त्यात मैत्रिणीची कॅसेट. शेजारी वायरने जोडलेला छोटा टेप, नवे सेल घातलेला, त्यात कोरी कॅसेट. पुढे ऐकायचं तेही त्या छोट्या टेपवरच. बहुतेक वेळा हे काम खात्याच्या आठवडी सुटीला व्हायचं. भिंत गप्प असायची. दादा दोन्ही यंत्रांवरून ओला रुमाल फिरवून म्हणायचा, "आते कोनी खोकानं नही." शेजारच्या खोलीत परभणीकडचा एक गवंडी राहायचा, तो नेमका तेव्हाच खोकायचा. वायरमधून खोकला जात नाही हे त्याला माहीत होतं. नवा अल्बम तेवढा कामाच्या दिवशी भरला, कारण मैत्रिणीला तो दुसऱ्याच दिवशी परत हवा होता.

दादाचं मत ठरलेलं होतं: तिसरा अल्बम. त्याला इंग्रजी येत नव्हतं आणि ते नसल्याने काही अडतही नव्हतं. तो फक्त ढोल ऐकायचा. "हाऊ मानूस लूमवर हुभा करा ना," तो म्हणायचा, "एक धागा तुटाव नही."

मी पाचव्याच्या बाजूची. कव्हराच्या आत गाण्यांचे शब्द छापलेले असत. पाचव्यात बंद पडलेल्या खाणींवर गाणी होती, म्हणून तो श्रेष्ठ.

"बाईला गाणं नको, मोर्चा पाहिजे," गवंडी म्हणायचा.

"आणि तुला काय पाहिजे?"

"मला पहिला. पहिल्यात त्यांना वाजवता येत नव्हतं की. माझी पहिली भिंत बघा, वाकडी हाय, पण उभी हाय."

नव्या अल्बमवर मात्र कोणी भांडत नसे. गाणी ओढत चालायची. गायकाचा आवाज जाड, झोपेतून उठवल्यासारखा. दादा म्हणाला, दारू. गवंडी म्हणाला, वय झालं, पुढचा अल्बम भजनाचा काढतील. मी म्हणाले, विकले गेले. श्रीमंतांना जेवताना मागे काहीतरी मंद लागतं, त्यासाठी हे केलंय. माझं बोलणं दोघांनी लगेच मान्य केलं, आणि मला तेव्हाच जरा खटकलं.

मग एक दिवस कॉलेजात मैत्रीण म्हणाली, "नवा ऐकला ना? आमच्याकडे सगळे त्यावर नाचतात. बा सुद्धा." बा म्हणजे तिची आजी.

"त्यावर?"

"मग? सगळ्यांत बेस्ट तोच आहे, यार."

त्या गाण्यांवर फार तर कपडे वाळत घालता आले असते. ही खोटं बोलतेय, पण कशासाठी, ते कळेना. नोट्सचं निमित्त काढून मी तिच्या घरी गेले आणि सहज म्हणावं तसं म्हणाले, लाव ना तो नवा.

तिने लावला. तीच गाणी, तोच क्रम, कव्हरही तेच. पण गाणी धावत होती आणि गायक तरुण होता. ती मान हलवत शब्द म्हणत होती. तिने पुढे केलेलं पाणी न पिता मी निघाले.

परतीच्या रिक्षात माझ्या डोक्यात एकच शब्द होता: सेकंड. आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं की कापडाचे तागे दोन प्रकारचे. बिनडागाचा फ्रेश माल बाजारात जातो. डाग, गाठ, तुटका धागा असलेला सेकंड, तो दिवाळीला कारीगरांना. माझ्या फ्रॉकपासून कॉलेजच्या ड्रेसपर्यंत सगळं सेकंडचं होतं. मग अल्बम तरी फ्रेश कसा मिळेल?

"आपल्याला सेकंड माल दिलाय तिने," मी खोलीवर येऊन सांगितलं.

दादाने विचार केला. "कॅसेटमा बी सेकंड ऱ्हास?"

"त्यांच्याकडे सगळ्यात असतं."

"बाई," गवंडी म्हणाला, "फुकटात भरून घ्यायचं, आणि वरून फ्रेशच पाहिजे?"

दादा हसला, म्हणून मी जास्तच चिडले. त्या संध्याकाळी एक पानभर लिहिलं. मालकाच्या घरातली मैत्री कशी असते, ती वाटताना हातात काय ठेवते आणि मागे काय लपवते, असं सगळं. तो कागद मी तिला वर्गात सगळ्यांसमोर देणार होते. दिला की बाकावर मी एकटी पडणार, हे मला दिसत होतं. तेही मी तत्त्वात बसवलं होतं.

आबांना वाचून दाखवलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

"भाषा चांगली शे," ते म्हणाले. "तिले इचारं का?"

"ती खरं सांगेल का?"

"नही सांगाव कदाचित. पन इचारल्याबिगर मी शेठवर बी कधी लिखं नही."

कागद पिशवीत राहिला. दुसऱ्या दिवशी मी आमची भरलेली कॅसेट कॉलेजात नेली आणि तिला म्हणाले, ऐक. तिच्याकडे कानात घालून ऐकायचा छोटा टेप होता. ती ऐकू लागली आणि हळूहळू तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"आ शुं छे? हे काय?"

"तुझा अल्बम. तू दिलेला."

"माझा असा नाही. तुमच्या मशीनने पट्टी ताणली असणार."

"काल तुझ्याकडे तर नीट वाजत होता."

"मग मुद्दाम असं भरलंत? माझी मस्करी करायला?"

मी संशय घ्यायच्या तयारीने आले होते. माझ्यावर कोणी घेईल हे डोक्यात आलं नव्हतं. मग मी म्हणाले, "ये आणि आमचं मशीन बघून जा."

"येईन. माझी अस्सल कॅसेट घेऊन येईन, पण ती माझ्या हातात राहील."

"राहू दे की."

ती खोलीवर आली तेव्हा दादाने इस्त्रीचा शर्ट घातला होता. गवंडी कामावर गेला नव्हता. हा खटला सोडून विटा कशा लावू, असं त्याने मुकादमाला कळवलं होतं म्हणे. मागे खातं जोरात चालू होतं, त्यामुळे आम्ही सगळे ओरडून बोलत होतो. मैत्रीण खाटेच्या कडेवर पर्स मांडीवर घेऊन बसली, मग उठून तिने स्वतः आपली कॅसेट डेकमध्ये घातली.

गाणं ओढत, घसटत सुरू झालं. तिने बंद केलं, कॅसेट काढली, पट्टी उजेडाकडे धरून पाहिली, परत घातली. पुन्हा तसंच.

"बगडी गई," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. ती कॅसेट भावाने पाठवलेली होती, आणि भाऊ चार वर्षं घरी आला नव्हता.

"बेन," दादा म्हणाला, "इस डेकने आज तक किसी की पट्टी नहीं खाई." बोलताना त्याचा हात डेकवर होता.

ती माझ्याकडे वळली. "तुला माहीत होतं? म्हणून मला इथपर्यंत आणलं?"

तो कागद पिशवीतच होता, आणि माझा हात पिशवीत गेलाही होता.

तेवढ्यात भिंतीपलीकडे फट्ट असा आवाज झाला आणि खात्यातले सगळे लूम एकदम थांबले. फ्यूज उडाला होता. आमच्या खोलीची लाइट गेली नाही. उलट बल्ब पिवळ्याचा पांढरा झाला, पंख्याची पाती एकमेकांत मिसळली, आणि गायक ओळीच्या मध्यावर होता तो तिथूनच उठून उभा राहिला. म्हाताऱ्याच्या पाठीवरचं पोतं कोणी उतरवावं तसा त्याचा आवाज वर आला. मागून ढोल धावायला लागला.

आम्ही बल्बकडे पाहिलं, मग डेककडे.

"आयला," गवंडी म्हणाला, "म्हातारं पळालं."

भिंतीमागे खात्याचा मुकादम कोणाला तरी शिव्या देत होता. गाणं जवळजवळ पूर्ण झालं. मग फ्यूज बसला, लूम एकेक करून सुरू झाले, आणि जसजसे सुरू झाले तसतसा गायक पुन्हा म्हातारा होत गेला.

"लूम वीज ओढतात म्हणून हे हळू होतं? रोज असं?" मैत्रिणीने विचारलं.

"सुटी सोडून. तुझा नवा तेवढा कामाच्या दिवशी भरला होता."

"पंखा पण?"

"पंखा पण."

ती बल्बकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर कीव दिसते का, ते मी शोधत होते. दिसली असती तर मी तो कागद दिलाच असता. ती नुसती मोजल्यासारखी बघत होती.

"तुझ्या वडिलांच्या खात्याच्या भिंतीला लागून कोण राहतं?" मी विचारलं.

तिला माहीत नव्हतं.

"बघून सांग."

जाताना तिने कॅसेट डेकमधून काढली नाही. म्हणाली, सुटीच्या दिवशी परत भरून घ्या. हातातून न सोडायची वस्तू अशी सोडून गेली म्हणजे ही आपली परीक्षा घेतेय का, असं मला वाटलं. सुटीपर्यंत मी दादाला त्या कॅसेटला हात लावू दिला नाही. आबांनी पुढच्या पत्रकात लूमच्या शेजारच्या खोल्यांच्या लाइटचा मुद्दा घातला. मी त्यात गायकाचं लिहिलं होतं, ते त्यांनी काढलं. "शेठ हसतीन," म्हणाले.

सुटीला ती स्वतःही आली. भिंत गप्प होती. दादाने रुमाल फिरवला, गवंडी खोकला.

"मी बघून आले," ती हळूच म्हणाली. "आमच्या मागे पण खोल्या आहेत. बल्ब असेच पिवळे."

"मग?"

"पप्पांना सांगितलं. ते म्हणाले, अभ्यास कर."

मला हसू आलं आणि तिलाही आलं. दादा ओरडला की गप बसा, आवाज जातोय आत, आणि गवंड्याने त्याला वायरचं शास्त्र सांगितलं.

नवा अल्बम दुसऱ्या कोऱ्या कॅसेटवर नीट भरून झाला. तो वाईट नव्हता. सगळ्यात वाईटाची जागा रिकामी झाली आणि त्यावरून लगेच भांडण सुरू झालं. मैत्रीण म्हणाली, पाचवाच वाईट, नुसती रडगाणी. मी तिला खाणी म्हणजे काय ते सांगायला लागले, तर ती म्हणाली, "ते राहू दे. मला ती तुमची जुनी हळूवाली कॅसेट दे. मला ती आवडते."

"कशाला?"

"आमच्याकडे तसं वाजत नाही."

यात फायदा कोणाचा, हे मी तेव्हाही मनात विचारून पाहिलं.

"देणार नाही," मी म्हणाले. "ऐकायची असेल तर इथे ये. कामाच्या दिवशी."

"मग तेव्हा तरी लावशील ती?"

"तीच कशाला पाहिजे? कोणतीही आण. इथे सगळ्या तशाच वाजतात."

ती पुढच्याच आठवड्यात कामाच्या दिवशी आली आणि पर्समधून पहिला अल्बम काढला. गवंडी दारात उभा होता. त्याने दोन्ही हात आडवे केले.

"माझ्या पहिल्याला म्हातारं नाही करायचं हां, बेन," तो म्हणाला. "दुसरा कोणताबी लावा."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी सरकून तिला खाटेवर जागा दिली.