आईचं रक्त, पोरीचं रक्त

शिरपूरच्या वर, डोंगरातल्या उपकेंद्रावर मी नर्स आहे. पूर्वीची आशा कार्यकर्ती माझ्यासोबत पाड्यापाड्यांतून फिरायची. कपाशी निंदणाऱ्या बायांना बांधावर बसवून मलेरियाच्या तपासणीसाठी बोट टोचू द्यायला लावणं फक्त तिलाच जमायचं.

एका पावसाळ्यात आम्हा दोघींनाही मलेरिया झाला. मी धुळ्याला सलाईनवर पडले. ती गोळ्या घेऊन आठवड्याच्या आत निंदणीला गेली. मी परतल्यावर म्हणाली, "सिस्टर, तुमनं रगत चहासारखं पातळ शे."

अगदीच खोटं नव्हतं. तपासणीत तिच्यात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा अर्धा वाटा निघाला होता. आईबापांपैकी एकाकडूनच तो आला तर माणूस आजारी पडत नाही, उलट मलेरिया फारसा चढत नाही. शिवाय लहानपणापासून ताप सोसून तिचं अंग तयार झालेलं. मी सपाटीवरच्या गावातली, माझ्याकडे दोन्ही नव्हतं.

मग तिची तीन वर्षांची पोर तापली. मी मलेरिया तपासायचं किट काढलं.

"संध्याकाळी बघू. मनी पोर शे, मनंच रगत. तिले काय व्हई?" असं म्हणून ती शेजारच्या पाड्यावर गेली. दुपारी पोरीला झटके आले.

तिच्या नवऱ्याच्या मोटरसायकलवर आम्ही शिरपूर गाठलं. पोरीला रक्त द्यायचं ठरलं, तेव्हा आईने हात पुढे केला. डॉक्टर म्हणाले, "तुझं नको. सिकलसेलचं चालणार नाही." ती हात तसाच पुढे धरून उभी राहिली.

पोर वाचली. पण तिच्या रक्तात आईचा तो वाटा आलाच नव्हता. पोर बापावर गेली होती.

पोरीला पुन्हा मलेरिया नको म्हणून पुढच्या पावसाळ्याआधी तिघं सुरतेला गेली. नवी आशा चटपटीत आहे. आमचं काम आता लवकर उरकतं आणि दुपारी मला बोलायला कोणी नसतं.

परवा सुरतेहून तिचा फोन आला. "सिस्टर, परत येऊ का आमी? आठे करमत नही."

'ये' हा शब्द अगदी ओठांवर होता. पण पोर अजून लहान, रक्तात आडोसा नाही, आणि सुरतेत राहून अंगाला या तापाची सवयही झालेली नाही.

"होळीला ये, तेव्हा डास कमी असतात. चार दिवसच," मी म्हणाले. "राहायला नको."