मागच्या सीटवरचं कीट

नागोजी जीनगराच्या नाकावर राग बारमाही मुक्कामाला असायचा. बेळगावच्या कॅम्पात त्याचं खोगिरांचं दुकान होतं. पलटणीतले साहेब त्याच्याकडं खोगीर, लगाम, पट्टे दुरुस्तीला पाठवायचे, आणि नागोजी त्यांनाही तोंडावर सुनवायचा, "कातडं पावसात भिजत ठेवणाऱ्यानं घोडा पाळू नये." साहेबांना मराठी कळत नसे म्हणून हे निभावून जाई. बाकीच्यांना कळत असे, पण काम चोख असल्यानं तेही मुकाट ऐकून घेत.

पुढं पलटणीतले घोडेच कमी होत गेले. तबेल्यांच्या जागी मोटारी उभ्या राहायला लागल्या. एकोणीसशे सदतीस साल उजाडलं तेव्हा नागोजीच्या दुकानाची पायरी दिवसदिवस कुणी चढत नसे. त्याची बायको चंपाबाई हिचा भाऊ रवळू कोगनोळीला राहायचा आणि एका तंबाखूच्या वखारीत मुकादम होता. नागोजीला तिथं चिकटवून द्यायला तो एका पायावर तयार होता.

"दिवाळीपातूर बघूया," चंपाबाई म्हणायची, "न्हायतर लावू दुकानाला फळ्या आनि जाऊ कोगनोळीला."

हे ऐकलं की नागोजीचं पित्त खवळायचं. चाळीस वर्षं ज्या हातांनी कातडं शिवलं त्या हातांनी तंबाखूचा चुरा चाळायचा, या नुसत्या विचारानं त्याला घास गिळवत नसे.

अशात निपाणीहून मारुतीरावांचा निरोप आला. मारुतीराव तंबाखूचे मोठे व्यापारी. कॅम्पातला एक साहेब विलायतेला परत जाताना त्याची मोटार त्यांनी विकत घेतली होती. आतल्या बैठका अस्सल कातड्याच्या, मधाच्या रंगाच्या. चार वर्षांत त्या रंगाचा मागमूस उरला नव्हता. मारुतीरावांचा निरोप असा होता की येत्या शुक्रवारी कोल्हापूरहून व्याही येणार आहेत, त्यांना मोटारीतून फिरवायचं आहे, तेव्हा बैठका लख्ख करून द्या. काम पसंत पडलं तर निपाणीतल्या सगळ्या व्यापाऱ्यांच्या मोटारी तुमच्याकडं लावून देतो. नागोजीनं निरोप दोनदा ऐकला, ब्रश आणि साबणाचा डबा पिशवीत टाकला आणि बुधवारी पहाटेची सर्व्हिस मोटार धरली. दुकान राहतं की जातं, हे आता त्या बैठकांवर होतं.

मारुतीरावांच्या अंगणात उभ्या असलेल्या मोटारीचं दार उघडून त्यानं आत डोकं घातलं आणि तसंच बाहेर काढलं.

"ही मोटार हाय का वखार?" तो म्हणाला.

त्याचं काही चुकलं नव्हतं. मारुतीराव तंबाखूचे नमुने मांडीवर घेऊनच हिंडायचे. चुरा शिवणीशिवणीत जाऊन बसला होता. त्यावर घाम, त्यावर डोक्याचं खोबरेल, त्यावर रस्त्याची धूळ, असे थरावर थर चढून मागच्या सीटवर काळंकुट्ट कीट धरलं होतं. नखानं खरवडलं तर नखाखाली डांबरासारखं येई. एवढ्यावर भागलं असतं तरी नागोजीनं सोसलं असतं, पण लोकांनी उपायही केले होते. ड्रायव्हर तम्मण्णा यानं पुढच्या सीटला रॉकेल फासलं होतं.

"रॉकेलनं डाग जातोय की वो," तम्मण्णा म्हणाला.

"जातोय. संगट कातडं बी जातंय. तुज्या गालाला लावून बघ की एकदा."

तम्मण्णा जो गेला तो दुपारपर्यंत फिरकला नाही. त्याच्या जागी बायाक्का आली. बायाक्का म्हणजे मारुतीरावांच्या घरची स्वयंपाकीण. साठीची, विधवा, मागंपुढं कुणी नसलेली. बावीस वर्षं ती त्या घरात होती आणि घरातलं कुठलंही काम आपल्यावाचून अडतं अशी तिची पक्की समजूत होती. नागोजीला चहा द्यायला म्हणून ती आली आणि पायरीवर बसूनच राहिली.

नागोजीनं काम सुरू केलं. त्याची रीत ठरलेली होती. आधी कोरड्या ब्रशानं शिवणीतला चुरा काढायचा. मग खोगिराच्या साबणाला ओलं फडकं घासून नुसता फेस उचलायचा, पाणी नाही. तळहाताएवढा तुकडा घ्यायचा, गोल गोल फिरवायचा, काळा झालेला फेस लगेच पुसायचा, मग शेजारचा तुकडा. घाई केली, पाणी जास्त झालं, की कातडं आतून फुगतं आणि वाळताना कडक होतं. शेवटी सावलीत वाळवून मेण आणि एरंडेलाचं मलम चोळायचं. हे काम जीव ओतून आणि गप्प बसून करायचं असतं. बायाक्काला यातलं गप्प बसणं जमणारं नव्हतं.

"मिस्त्री, हे काय लावलासा?"

"साबन."

"कशाचा?"

"खोगिराचा."

"त्यात चरबी आसती न्हवं? मग मी न्हाय बाई हात लावनार." जरा वेळानं पुन्हा, "पानी का घालत न्हाईसा? पान्याबिगार मळ निघतोय व्हय?"

"निघतोय."

"लिंबू लावून बघायचं?"

"नगं."

"राख?"

नागोजीनं दात आवळले. राख! भांडी घासायला बसलोय का मी, असं त्याच्या जिभेवर आलं होतं, पण शुक्रवार डोळ्यासमोर होता आणि घर दुसऱ्याचं होतं. तो घासत राहिला. दुपारपर्यंत पुढची सीट स्वच्छ निघाली. खरंच निघाली. रॉकेलचा डाग फिकट होत होत नाहीसा झाला आणि कीट सरून मधाचा रंग वर आला. मारुतीराव जेवून बाहेर आले, बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "वा मिस्त्री. मागची अशीच झाली तर उद्याच माझ्या दोघा दोस्तांना मोटारी घेऊन बोलावतो." नागोजीला इतकं बरं वाटलं की तो चक्क हसला. कॅम्पातल्या कुणी ते पाहिलं असतं तर विश्वास ठेवला नसता.

मागच्या सीटला एक दिवस पुरा लागणार होता. तीनच्या सुमाराला कोगनोळीकडं जाणारी गाडी होती आणि मुक्काम रवळूकडं होता. नागोजीनं हात धुतले, पिशवी खांद्याला मारली. दिवसभर वाकून पाठ मोडली होती, आणि बायाक्काच्या प्रश्नांनी डोकं भणभणत होतं. तो फाटकाशी पोहोचला तोच मागून हाक आली.

"मिस्त्री! आनि मागल्या शीटला काय लावायचं?"

पुढं जे झालं त्याला एक निमिषही लागलं नाही. नागोजीच्या डोक्यात तिडीक गेली. त्यानं मागं वळूनही पाहिलं नाही. हात झटकला आणि ओरडला, "सोडा!"

त्याला म्हणायचं होतं, नाद सोडा. पिच्छा सोडा. बायाक्कानं प्रश्न विचारला होता आणि तिला उत्तर मिळालं होतं.

सोडा घरात होताच, धुण्याचा. त्यात चरबी-बिरबी काही नव्हती, तेव्हा हात लावायलाही हरकत नव्हती. मिस्त्री थकलेत, व्याही परवा येणार, आपण तेवढाच हातभार लावू, असं तिच्या मनात आलं. तिनं घमेलंभर पाणी कढत केलं, त्यात मूठमूठ सोडा घातला, काथ्या घेतला आणि दिवेलागणीपर्यंत मागची सीट घासली. घरच्यांनी पाहिलं, पण मिस्त्रींनीच सांगितलंय म्हटल्यावर कोण काय बोलणार?

गुरुवारी सकाळी नागोजी आला आणि मोटारीशी उभाच राहिला. मागच्या सीटवरचं कीट गेलं होतं. रंगही गेला होता. कातडं आक्रसून शिवणी उसवायला आल्या होत्या. जागोजागी काळे-पांढरे चट्टे होते, आणि बोटानं दाबलं तर वाळल्या भाकरीसारखा कडकन तडा जात होता. त्यावर आता मेण नाही, तेल नाही, काही चालणार नव्हतं. नागोजीला रडू यायचं बाकी राहिलं होतं.

मारुतीराव तिथंच होते. त्यांचा आवाज चार घरं ओलांडून जात होता. बायाक्का खांबाला धरून उभी होती आणि पुन्हा पुन्हा एकच सांगत होती, "मिस्त्रींनीच सांगिटलं मालक. मी आपल्या मनानं कशाला करू?"

"सोडा लावा म्हणून सांगितलं? चामड्यातला माणूस असं सांगेल?" मारुतीराव गरजले. मग ते नागोजीकडं वळले. "मिस्त्री, तुम्ही आलात ते बरं झालं. खरं काय ते सांगा. तुम्ही सांगितलं नसेल तर हिनं आत्ताच्या आत्ता गाठोडं बांधावं आणि माझ्या घरातून चालतं व्हावं."

नागोजीनं बायाक्काकडं पाहिलं. त्याला तिचा भयंकर राग आला होता. दिवसभर डोकं खाल्लं ते खाल्लं, वर हे! खरं सांगणं अगदी सोपं होतं. "मालक, मी म्हणालो नाद सोडा, आनि हिनं लावला धुन्याचा सोडा." मारुतीराव शहाणे होते, त्यांना लगेच उमगलं असतं. कदाचित हसलेही असते. नागोजीचं नाव राहिलं असतं आणि दुकानही राहिलं असतं. म्हातारी मात्र गाठोडं घेऊन रस्त्यावर उभी राहिली असती.

आणि एक गोष्ट त्याला काही केल्या मनाआड करता येईना. तिनं सरळ विचारलं होतं. आपण वळून तिच्या तोंडाकडं पाहिलं असतं, धड एक वाक्य बोललो असतो, तर हे झालं नसतं.

"मिस्त्री, बोला की."

"व्हय," नागोजी म्हणाला. "सोडा म्हनलो मी."

मारुतीरावांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "चाळीस वर्षं चामड्यात घालवली म्हणता," ते सावकाश म्हणाले, "आणि चामड्याला सोडा? निपाणीत कुणाच्या मोटारीला हात लावलेला मला कळायला नको." मग ते आत निघून गेले. पुढची सीट ऊन खात चकचकत होती, तिच्याकडं त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

नागोजीनं फडकी गोळा केली, ब्रश झटकला, साबणाच्या डब्याला झाकण लावलं. शरमेनं त्याचे कान तापले होते. तो फाटकाबाहेर पडला तर मागून बायाक्का लगबगीनं आली. आता ही पाया पडणार आणि रडणार, असं वाटून त्याला आधीच अवघडल्यासारखं झालं.

"मिस्त्री, एक इचारू? रागावनार न्हाईसा?"

"इचारा."

"कातड्याला सोडा सोसत न्हाय हे माज्यासारख्या चुलीफुडच्या बाईला बी कळतंय. मला तवाच शंका आलती. पर म्हनलं, मोठा मिस्त्री हाय, त्यास्नी जास्त कळत आसंल." तिचा आवाज चढला. "आसं उरफाटं कसं वो सांगिटलासा? ह्या वयात माजं घर गेलं आसतं की! जरा इचार करून बोलावं मानसानं."

नागोजीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सगळा खुलासा शब्दाशब्दानं त्याच्या ओठावर येऊन थांबला. बोलायला म्हणून त्यानं तोंड उघडलं, आणि तिचे हात त्याच्या नजरेला पडले. सोड्याच्या कढत पाण्यानं बोटांची सालं निघाली होती. नखांच्या कडा चिरून त्यात रक्त वाळलं होतं. ते हात तिनं पदरात झाकायचा प्रयत्न केला, पण तेवढ्यात त्याला दिसायचं ते दिसलं.

"चुकलं माजं, आक्का," नागोजी म्हणाला. हे शब्द त्याच्या तोंडून याआधी कुणीही ऐकले नव्हते, चंपाबाईनंसुद्धा नाही.

"आता म्हनून काय उपेग?" बायाक्का म्हणाली. चुलीवर दूध होतं, ती लगबगीनं आत गेली. नागोजी कोगनोळीच्या रस्त्याला लागला. रवळू वखारीतून सुटायच्या आत त्याला तिथं गाठायला हवं होतं.