दाराबाहेरचे बूट

बाबांना जाऊन वर्ष झालं, तरी बेडोकच्या आमच्या फ्लॅटबाहेर, चपलांच्या रॅकवर त्यांचे तपकिरी बूट होतेच. आज सकाळी ते उचलले आणि दमट चामड्याचा वास आला.

त्या वासाने मला स्कॉटलंडमधल्या एका लहानशा गावात नेलं. पूर्वी तिथे लोकरीच्या गिरण्या होत्या. आता लोक जुना दगडी पूल आणि चर्च बघायला येतात. आम्ही फिरायला गेलो त्या दिवशी भुरभुर पाऊस होता. चर्चच्या पायरीवर बाबा बूट काढायला लागले.

"बाबा, इथे नाही काढत. लोक बघतायत!" मी चिडले.

"देवाचं घर आहे ना?" असं म्हणून ते मोज्यांनिशीच थंडगार फरशीवरून आत गेले. गावातल्या, युद्धात मारल्या गेलेल्या मुलांची नावं भिंतीवर कोरलेली होती. बाबांनी ती सगळी हात जोडून वाचली. मी लाजेने लांब उभी राहिले.

निघताना पाहिलं, तर चर्च सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या बाईंनी भिजणारे बूट आत आणून हीटरपाशी ठेवले होते. त्यांनी ते दोन्ही हातांनी उचलून बाबांपुढे धरले.

मी ते बूट हातात घेतले आज, पहिल्यांदाच. तेही टाकून द्यायला.