अढीच्या खोलीतला दमा

"फुंका, फुंका, अजून फुंका, थांबू नका." माझी टेक्निशियन हाताने खुणा करत होती आणि संदेश लालबुंद होऊन नळीत फुंकत होता. या टेस्टला स्पायरोमेट्री म्हणतात. छातीतली हवा किती जोरात बाहेर पडते, ते मशीन मोजतं. औषधाचा पफ देऊन थोड्या वेळाने परत फुंकायला लावलं, तर आकडा चांगलाच वर गेला. आवळलेल्या श्वासनळ्या औषधाने अशा मोकळ्या झाल्या की दम्याचं निदान पक्कं व्हायला मदत होते.

रत्नागिरीत छातीच्या विकारांची प्रॅक्टिस करून माझे केस पिकले, त्यामुळे दमा बघून मी घाबरत नाही. घाबरले होते ते संदेशचे वडील. दत्तारामकाका राजापूरकडचे आंबा बागायतदार. मुलगा मुंबईची नोकरी सोडून बाग बघायला घरी आला, तेव्हा या माणसाने गावभर पेढे वाटले होते. आणि आता दर हंगामात मुलाला धाप लागत होती, छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. चार दिवस मुंबईला जाऊन राहिला की ठणठणीत. गावात सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं, ह्याला आंब्याची हवा मानवत नाही. संदेशनेही बॅग भरायचं मनात घेतलं होतं.

मी काकांना विचारलं, तुमचं काय म्हणणं. ते खाली बघत म्हणाले, "मी आडवा येत नाय मॅडम. पोरगा जिता राहूदे. बाग काय, खंडाने देईन कुणालाही."

हे ऐकून मला रागच आला. हवा मानवत नाही म्हणजे काय? हवेत नेमकं काय मानवत नाही, ते आधी शोधायला नको?

मी संदेशची उलटतपासणी सुरू केली. मोहोर आला की त्रास होतो का? नाही. फवारणीच्या दिवसांत? नाही, तेव्हा तर तो स्वतः बागेत उभा असायचा. मग कधी? आंबा उतरवायला लागलो की. आंबा खाऊन काही होतं? मुंबईत पेटीच्या पेटी फस्त करायचा, काही झालं नाही.

मग ॲलर्जी टेस्ट केली. हातावर वेगवेगळ्या पदार्थांचे थेंब ठेवून हलकं टोचायचं. ज्याची ॲलर्जी असेल तिथे गांधी उठते. संदेशला बुरशीच्या थेंबांखाली टरटरून गांध्या उठल्या.

ॲलर्जी म्हणजे राखणीचा कुत्रा पोस्टमनवर धावून जावा तसं. शरीर निरुपद्रवी गोष्टीला चोर समजतं. हा गोंधळ नाकात झाला की शिंका, श्वासनळीत झाला की दमा. सगळाच दमा ॲलर्जीचा नसतो, आणि ॲलर्जी असलेल्या प्रत्येकाला दमा होतो असंही नाही. पण ज्याचा दमा ॲलर्जीवर पोसतो, त्याच्या छातीत ती वस्तू रोज जात राहिली तर नळ्यांची सूज उतरतच नाही. नुसत्या औषधाने किती दिवस रेटणार?

पण बुरशी आमच्याकडे पावसाळ्यात. तेव्हा चपलांनासुद्धा बुरशी येते. आणि हा गडी पावसाळ्यात ठीक, आजारी पडतो ऐन रखरखीत उन्हात. मला काही केल्या हिशेब लागेना.

राजापुरात माझी अधूनमधून ओपीडी असते. परतताना आंबे घ्यायच्या निमित्ताने मी त्यांच्या घरी गेले. संदेशच्या आईने कोकम सरबत दिलं आणि कौतुकाने अढीची खोली दाखवायला नेलं. अढी म्हणजे भाताच्या पेंढ्यात आंबे थरांनी मांडून पिकत घालायचे. खोली बंद, उबदार, जमीनभर पेंढा. आणि भिंतीला लागून एक खाट.

"इथे कोण झोपतं?" मी विचारलं.

"संदेश. हंगाम आला की रात्रीचा खोकतो ना, म्हणून इथे झोपवते. वारा लागत नाय, ऊब असते."

मी वाकून मूठभर पेंढा उचलला. कोंदट वास आला आणि राखाडी धूळ उडाली. काकी काटकसरी. चांगला पेंढा टाकवत नाही, म्हणून हंगाम संपला की गोळा करून माळ्यावर, पुढच्या वर्षी परत खाली. मधला अख्खा पावसाळा तो माळ्यावर ओल पीत असायचा.

ही धूळ म्हणजे त्या ओलीत धरलेली बुरशी, आणि संदेश रात्रभर तीच छातीत ओढतोय, हे मी सांगितलं तसा त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे मीच त्याला..." एवढंच बोलल्या आणि पदर तोंडाला लावला. मला त्यांच्याकडे बघवेना. अशा वेळी मी मुद्दाम खेकसते. म्हटलं, काकी, रडायचं नंतर, आधी खाट बाहेर काढा.

काका मात्र अडले. अढीचा आंबा हा त्यांचा प्राण, गिऱ्हाईक त्यासाठीच येतं. मी म्हटलं, अढी बंद करा असं कोण म्हणतंय? घरात नको, बागेतल्या खोपटात, मांगरात घाला. दर वर्षी नवा, उन्हात कडक वाळवलेला पेंढा घ्या. आणि संदेशने पेंढ्याला हात लावायचा नाही. त्याने बाग बघावी, गडी अढी बघतील. इनहेलर रोज, बरं वाटलं तरी. पंपाची सवय लागते म्हणून काकींनी तो कपाटात ठेवला होता. म्हटलं, चष्म्याची सवय लागते म्हणून चष्मा कपाटात ठेवता का?

पुढच्या हंगामात संदेश ऐन तोडणीत फुंकायला आला. आकडा झकास. दमा गेला असं मी म्हणणार नाही, तो लगामात आला. औषध चालूच आहे.

त्यानंतर दत्तारामकाका एकटेच दवाखान्यात आले. तब्येत कुणाचीच बिघडली नव्हती. संदेशने वरचा कातळ फोडून नवी कलमं लावली, हे सांगायला आले होते. "फळ धरायला वर्षं जातील म्हटलं त्याला," काका डोळे पुसत म्हणाले. "तर बोलला, जाऊदेत, मी हाय ना इथेच."

हल्ली दम्याच्या पेशंटला मी पहिला प्रश्न विचारते, झोपता कुठे? छाती मग तपासते.